‘ऱ्हाऊ दे’चा ढीग

१२ सप्टें.
आजही अक्कांचं, म्हणजे सासूबाईंचं, रेकॉर्डिंग. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज जाणार, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. म्हणून टॅबलेटवर बटणं करतेय. दाबलं की त्यांच्याच आवाजात वाक्य. आज ‘च्या ठेव’, ‘पंखा बंद कर’ आणि जेवताना वाढणाऱ्याला थांबवायला ‘ऱ्हाऊ दे’. मधेच खिडकीतून शेजारणीला ओरडून, "मनी सून माले डब्बामा भरी ऱ्हायनी वं!" सून डब्यात भरतेय म्हणे! हसता हसता माइक पडला.
कापलेली वाक्यं लॅपटॉपवर गिट नावाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवली, म्हणजे प्रत्येक बदल जपला जातो. कच्चं रेकॉर्डिंग फार जड. तो फोल्डर गिटच्या ‘इकडे बघू नकोस’ यादीत टाकला. फोनवरचं पुसलं, जागाच नव्हती.

१८ सप्टें.
घट बसायच्या आत घर आवरायला काढलंय. अक्कांचे तीन ढीग: लागणारं, टाकायचं आणि ‘ऱ्हाऊ दे’. साक्रीहून आणलेली, बूड गेलेली घागर मी भंगारात घातली. काय भडकल्या! "लागत नही म्हंजे टाकानं शे का?"
घागर परत माळ्यावर.

१५ ऑक्टो.
अक्का घरी आल्या. आवाज गेला. पण बटणं चालतात! ‘च्या ठेव’ दाबून दाबून लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नितीनला, सळो की पळो केलं. मग पाटीवर लिहून मला दाखवलं, "भांडानं बटन कोठे शे?"
खरंच की, भांडायचं बटणच नाही. मी शहाणी वाक्यं तेवढी कापली. टोमणे, शिव्या, शेजारणीला मारलेली हाक, सगळं कच्च्यात. उद्या तेच काढते. मला माझ्यावर ओरडणाऱ्या अक्का हव्यात.

१६ ऑक्टो.
गेलं सगळं.
अ‍ॅप अडकत होतं, म्हणून गिटला साफसफाई करायला सांगितली. बोटांच्या सवयीने त्या आज्ञेच्या शेवटी एक x टाइप झाला. म्हणजे ‘न बघायच्या’ फायलीसुद्धा उडव. उडवल्या. एका शब्दाने विचारलं नाही.
नितीन: "पण तूच म्हणालीस ना, बघू नकोस?"
बघू नकोस म्हटलं रे बाबा, फेक नाही म्हटलं.
दुसरी प्रत नाही.

१९ ऑक्टो.
पुसलेलं परत काढणारा एक जण धुळ्यात आहे. नितीन लॅपटॉप देऊन आला. तो खात्री देत नाही.
ऑफिसच्या लॅपटॉपवरून गिट बनवणाऱ्यांना लिहिलं. ज्या फायलीबद्दल मी काहीच सांगितलेलं नाही, तिच्यावर शाखा, म्हणजे कामाची वेगळी आवृत्ती, बदलताना दुसरी फाईल येणार असेल तर गिट अडून बसतं. जिचं नाव मी स्वतः यादीत घातलं, ती मात्र बिनधास्त पुसतं. उलटंच नाही का? वगळलेल्या फायलींतही काही पुन्हा तयार करता येतात, काही कधीच नाही. त्या दुसऱ्यांना वेगळी खूण हवी.
उत्तर आलं. मागणी जुनीच आहे म्हणे, पण लोकांच्या आधीपासूनच्या याद्यांचं काय करायचं यावर गाडी अडते. बोलणं गोड होतं. मी लिहिलं, आमच्या सासूबाई तिसरा ढीग करतात.


२ नोव्हें.
अक्कांना सांगून टाकलं. त्यांनी ‘च्या ठेव’ दाबलं. चहा केला. मी रडत बसले तर त्यांनी आपल्या बशीतला अर्धा माझ्या कपात ओतला. फार जीव आहे माझा या बाईवर.

९ नोव्हें.
धुळ्याहून फोन. स्पीकरवर घेतला.
"ताई, काही फायली निघाल्यात. नावं गेलीत, उघडतील का सांगता येत नाही. ठेवू का उडवू?"
मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून, "ऱ्हाऊ दे."
"हे कोण बोललं?"
"आमच्या अक्का."
"अक्कासना आवाज खणखणीत शे हो!"
अक्का चक्क लाजल्या. पुन्हा तेच बटण दाबलं.
नितीन बुधवारी धुळ्याला जाऊन लॅपटॉप आणेल.