वडखोलच्या राखणदाराच्या पाच जागा

प्रति,
समन्वय अधिकारी,
लोकसहभाग गाव-नकाशा कक्ष,
पेडणे तालुका, गोवा.

अर्जदार : प्रज्योत विठू शेटगावकर, वय २४, दर्जा तपासनीस (स्वयंसेवक), मु. वडखोल, ता. पेडणे.

विषय : मौजे वडखोल येथील राखणदाराच्या जागेच्या पाचही नोंदी कायम ठेवणेबाबत; तसेच अर्जदाराची ‘अ’ श्रेणी काढून घेऊन त्यास येत्या अमावास्येपूर्वी कार्यमुक्त करणेबाबत.

संदर्भ : १) ऑक्टोबर महिन्यात तीन रविवारी वडखोल येथे झालेले नकाशा-दिवस.
२) आपल्या कक्षाने अर्जदारास पाठवलेले अभिनंदनपत्र.

माननीय महोदया,

ज्या कामाबद्दल आपल्या कक्षाने अर्जदाराचे अभिनंदन केले, तेच काम रद्द समजावे अशी विनंती करण्यासाठी तो हा अर्ज लिहीत आहे. हे विचित्र दिसेल याची त्यास कल्पना आहे. म्हणून घडले ते क्रमाने मांडण्याची परवानगी असावी.

१. वडखोलच्या प्राथमिक शाळेत तीन रविवार गावातली व बाहेरची मुले-माणसे जमली. सकाळी पातळभाजी-उंडे खाऊन मंडळी मोबाईल घेऊन वाड्यावाड्यांवर पांगत आणि विहिरी, पायवाटा, झरे, देवस्थाने जागेवर उभे राहून नकाशात नोंदवत. प्रत्येक नोंदीखाली नोंदवणाऱ्याचे नाव उमटे. कोणाच्या किती नोंदी झाल्या ते शाळेच्या भिंतीवरील पडद्यावर दिसे. नोंदी जितक्या अधिक व निर्दोष, तितकी त्या माणसाची श्रेणी वर चढे. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर अंतिम नकाशात वरच्या श्रेणीच्या माणसाची नोंद राहते आणि खालच्याची आपोआप गळते, असा आपल्या कक्षाचा नियम आहे. अर्जदाराचे सारे दुखणे या एका नियमात आहे.

२. अर्जदार स्वभावाने मितभाषी आहे. लोकांच्या दारात उभे राहून प्रश्न विचारणे त्यास जमत नाही, म्हणून त्याने दर्जा तपासण्याचे काम मागून घेतले. ते कोपऱ्यात बसून करता येते. संध्याकाळ होता होता, दिवसभर माणसे चाललेल्या वाटा त्याच्या पडद्यावर बारीक रेघांनी उमटत. ओहळाशी कोण थांबले, कोण अर्ध्यातून मागे फिरले, हे त्या रेघांत दिसे. आणि ज्या गावात आपण जन्मलो तो आपल्यापेक्षा परक्यांच्या पायांनीच अधिक पाहिला, असे वाटून तो उदास होई. हा मजकूर अर्जाच्या कक्षेत येत नाही. तथापि दुसऱ्यांच्या रेघा इतका वेळ न्याहाळत बसले, की त्या वाकड्या दिसू लागतात, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

३. पहिला संशय रुद्रेशचा आला. रुद्रेश अर्जदाराचा वर्गमित्र. त्याचे मामा जमिनींचे व्यवहार जुळवून देतात. पहिल्या रविवारी त्याने मामांच्या बागेतील प्रत्येक माडाची वेगळी नोंद केली आणि जेवणापूर्वीच पहिला आला. अर्जदाराने त्या सर्व नोंदी पुसून ‘बागायत’ अशी एकच नोंद ठेवली. तेव्हा रुद्रेश सर्वांदेखत म्हणाला, “माड उभे आसात मगे? मग मोजले तर तुजें कितें गेलें?” मंडळी हसली. अर्जदारास समर्पक उत्तर सुचले, परंतु ते सोमवारी.

४. त्याच संध्याकाळी राखणदाराची नोंद हलली. राखणदार म्हणजे गावची शीव राखणारा. वडखोलात त्याला देऊळ नाही, घुमटी नाही, शेंदूरही नाही. वरच्या डोंगरउतारावर एक दगड आहे, शेजारच्या दगडांसारखाच. कार्तिकाच्या अमावास्येला तिन्हीसांजेच्या सुमारास घरटी एक कर्ते माणूस रोट घेऊन वर जाते. अर्जदाराच्या घरून वडील जात. ते वारल्यापासून आई, श्रीमती प्रभावती, जाते. अर्जदार शिक्षणासाठी बरीच वर्षे वास्कोला मावशीकडे होता. परतल्यावरही त्यास कोणी ‘चल’ म्हटलेले नाही, आणि त्यानेही विचारलेले नाही.

नकाशा-दिवसापूर्वी त्याने आईकडून जागा समजून घेतली व झऱ्याच्या वाटेवरील किंदळाच्या मोठ्या झाडाखाली राखणदाराची नोंद केली. सायंकाळी पाहतो तो रुद्रेशने ती ‘चूक’ ठरवून उताराच्या पार दुसऱ्या टोकाला नवी नोंद केलेली. अंतिम नकाशात राखणदाराभोवतीची शंभर मीटर जागा बांधकामाविना राहणार आणि उरलेला उतार बांधकामास ‘हरकत नाही’ या रंगात जाणार, हे ठरलेले होते. रुद्रेशची नोंद मामांच्या जमिनीपासून नेमकी लांब पडत होती. यात डाव आहे, असे अर्जदाराने मनाशी पक्के केले आणि नोंद पुन्हा किंदळाखाली आणली.

५. पुढे मात्र सगळेच रुद्रेश निघाले. डिचोलीहून आलेल्या महाविद्यालयीन गटातील गौरवीने राखणदार बांबूच्या बेटात नोंदवला. गावात खोली घेऊन राहणारे, मूळचे कोल्हापूरकडील गवंडी निवृत्ती यांनी तो पंचायतीच्या पंपघरामागे नोंदवला. नकाशा-दिवसांची व्यवस्था पाहणारी समीक्षा, हीही डिचोलीचीच, तिने तो वरच्या दगडी गडग्याला लागून नोंदवला. अर्जदाराने प्रत्येक वेळी तो किंदळाखाली परत आणला. प्रत्येक परत आणणे ‘दुरुस्ती’ म्हणून त्याच्याच नावावर जमा होत गेले आणि तिसऱ्या रविवारी तो ‘अ’ श्रेणीत, सर्वांच्या वर, जाऊन बसला. त्यावर रुद्रेश म्हणाला, “आमचे माड खोटे, आनी तुजो एकच फातर धा फावट मोजलो तो खरो?” फातर म्हणजे दगड. एकच दगड दहा वेळा मोजून अर्जदार पहिला आला, असे त्याचे म्हणणे. आपल्या मार्गदर्शिकेत या आक्षेपास उत्तर नाही. अर्जदारापाशीही नव्हते, सोमवारीदेखील.

६. समीक्षाच्या बाबतीत घडले ते असे. राखणदाराकडे बोट दाखवू नये असा गावचा रिवाज आहे, हनुवटीने दाखवतात. समीक्षाच्या सांगण्यानुसार, गावातील सर्वांत वयस्क गृहस्थ श्री. कृष्णनाथ गावकर यांनी आपल्या घरापुढील बाल्कांवावर बसल्या बसल्या, “थंय वयर, बाय,” असे म्हणून समीक्षास हनुवटीने गडग्याची बाजू दाखवली. थोड्या वेळाने अर्जदार एकटा गेला, तर त्याच कृष्णनाथांची हनुवटी उलट दिशेला वळली. मोबाईल पाच मीटरपर्यंत अचूक असतो. हनुवटी किती असते, हे मार्गदर्शिकेत दिलेले नाही.

दोघांपैकी एकजण खरे सांगत नव्हते. अर्जदाराने वयाचा मान राखला व संशय समीक्षावर घेतला. नोंदीखाली त्याने शेरा मारला : ‘सदर स्वयंसेविका प्रत्यक्ष जागेवर गेली होती काय, याची खातरजमा व्हावी.’ शेरे सर्वांना दिसतात, हे तो लिहिण्याच्या भरात विसरला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो मजकूर आला तेव्हा शाळेत सगळे होते. समीक्षा त्याच्या कोपऱ्याशी आली आणि म्हणाली, “प्रज्योत, संशय घ्यायचाच होता तर निदान माझ्याकडे बघून तरी घ्यायचास.”

तिन्ही रविवारांत अर्जदाराने तिच्याकडे एकदाही नीट पाहिले नव्हते, हे खरे आहे. त्याचे कारण संशय हे नव्हते. ते कारण या अर्जात नमूद करणे उचित होणार नाही. ती त्या दिवशी चहाआधीच डिचोलीच्या बसने निघून गेली.

७. आपले अभिनंदनपत्र हाती आले त्याच आठवड्यात एक अपरिचित गृहस्थ पांढऱ्या गाडीतून अर्जदाराच्या दारी आले. त्यांनी नाव सांगितले नाही. मांद्र्यात अतिथिगृहे चालवतो, एवढेच म्हणाले. “तुमची ‘अ’ श्रेणी आहे ना? मग तुमचा किंदळ सोडून बाकीचा उतार मोकळा समजायचा?” असे त्यांनी दोनदा विचारले, आणि जाताना खुशीने हात मिळवला. अर्जदाराचे कौतुक याआधी कोणी इतक्या मनापासून केलेले नव्हते. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

८. त्याने घरात जाऊन आईस पुन्हा विचारले. ती आदोळीवर नारळ खवत होती. “खंयचो किंदळ?” ती मान वर न करता म्हणाली. “तो तुका असोच सांगलो.”

असाच, म्हणजे काहीतरी सांगायचे म्हणून. कारण विचारता ती म्हणाली, “तुका सांगलें म्हणजे फोनाक सांगलें, पुता.”

मग तिने सांगितले ते असे. काही वर्षांपूर्वी मोबाईलचा मनोरा उभारायचा म्हणून काही माणसे टेप घेऊन आली होती. गावाने त्यांना शहाळी दिली आणि जे विचारले ते दाखवले. मनोरा झाला नाही. पलीकडच्या उताराला मात्र तारेचे कुंपण पडले, आणि तिथल्या झऱ्यावर जाण्याची वाट बंद झाली. तेव्हापासून, विचारायला कोणीही आले तरी ज्याने त्याने हनुवटी भलतीकडे वळवायची, असे गावात ठरले. ते कोठे लिहिलेले नाही, पण झाडून सारे पाळतात. पंपघर निवृत्तींना दाखवण्यात आले, कारण ते राखणदाराला नमस्कार करू इच्छित होते व कोणी त्यांना रिकाम्या हाती परत पाठवू धजले नाही.

सबब, पाचही स्वयंसेवकांनी त्यांना जे दाखवले गेले तेच प्रामाणिकपणे नोंदवले. रुद्रेशने डाव टाकला नव्हता. समीक्षा वर जाऊन आली होती. तिच्या वाटेची रेघ अर्जदाराच्या पडद्यावर पहिल्यापासून होती, त्याने ती उघडून पाहिली नाही. तो गावाचा दर्जा तपासत होता आणि सबंध गाव त्याच्यावर संशय ठेवून होता, त्याची जन्मदातीही. गावाचे चुकले, असे तो म्हणू शकत नाही.

नारळ संपल्यावर आई म्हणाली, “येवचें जाल्यार अवसेक म्हज्या फाटल्यान यो. फोन घरा दवर.” यायचे असेल तर अमावास्येला माझ्या मागोमाग ये, फोन घरी ठेव, असा याचा अर्थ. चोवीस वर्षांत त्यास हे प्रथमच म्हटले गेले.

९. अर्जदाराची अडचण आता आपल्या ध्यानी येईल. तपासनिसास जी खात्रीची माहिती मिळेल ती त्याने तत्काळ नोंदवावी, अशी हमी त्याने सही करून दिली आहे. तपासनीस असताना तो आईच्या मागे गेला, तर जागा नोंदवणे त्याचे कर्तव्य ठरते. न नोंदवल्यास हमी मोडते. नोंदवल्यास आई मोडते. तो गेलाच नाही, तर त्यास खरे कधीच कळणार नाही. आणि त्याने काहीही न करता, नकाशा अंतिम होण्याची मुदत म्हणजे नोव्हेंबरअखेर, नुसती येऊ दिली, तर नियमाप्रमाणे ‘अ’ श्रेणीची नोंद जिंकते : चार नोंदी गळतात, एका रिकाम्या किंदळाभोवती शंभर मीटर राखले जातात, आणि खरा राखणदार ‘हरकत नाही’ या रंगाखाली जेसीबीची वाट पाहत राहतो. हे सर्व अर्जदाराच्या निर्दोष कामामुळे होईल.

१०. आपल्या कक्षावर अर्जदाराचा अविश्वास नाही. परंतु अर्जाच्या प्रती निघतात आणि प्रतींना पाय असतात. यास्तव तो प्रांजळपणे कळवतो की, या अर्जातील झाडांची नावे, दिशा व खुणा त्याने जाणूनबुजून बदलल्या आहेत. किंदळ कदाचित किंदळ नाही. गडगा आहे, पण तो कोठे आहे ते वेगळे. या अर्जाचा दर्जा कोणी तपासल्यास तो ‘क’ ठरावा, अशी त्याची अपेक्षा आहे.

तरी विनंती की,

(अ) राखणदाराच्या पाचही नोंदी समान मानून कायम ठेवाव्यात व प्रत्येकीभोवती शंभर मीटर जागा राखावी. पाच चुका मिळून जवळजवळ सारा उतार व्यापतात. त्यात खरी जागा कोठेतरी येत असावी. खात्री नाही.

(आ) हे नियमात बसत नसल्यास अर्जदारास ‘अ’ श्रेणीतून काढून सर्वांत खालच्या श्रेणीत ठेवावे, जेणेकरून त्याची नोंद कोणाच्याही नोंदीवर मात करणार नाही. रुद्रेशचे माड त्यास परत द्यावेत.

(इ) समीक्षाविषयीचा शेरा पुसू नये. पुसल्यास तो नव्हताच असे होईल. त्याखाली ‘हा संशय निराधार होता’ असे अर्जदाराच्या नावानिशी लिहावे व ते तिला कळवावे. स्वतः कळवण्याचा प्रयत्न अर्जदाराने दोनदा केला. दोन्ही वेळा तिच्या घराचा फोन तिच्या वडिलांनी उचलला.

(ई) दि. २० नोव्हेंबरच्या अमावास्येपूर्वी अर्जदारास तपासनीस पदावरून मुक्त करावे. त्या संध्याकाळी तो जे पाहील ते पाहण्यास तो कोणासही बांधील नसावा. त्यानंतर आपल्या कक्षाकडून कोणी येऊन जागा विचारल्यास तो आदराने उभा राहील, पाणी विचारील, आणि हनुवटीने दाखवील.

आदेश लेखी मिळावा, आणि तो टपालाने नव्हे तर हाती मिळावा, एवढीच शेवटची विनंती. टपाल पंचायतीत आधी उघडले जाते, असा अर्जदाराचा संशय आहे. तो खोटा ठरल्यास त्यास आनंदच होईल.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून असलेला,

(सही)
प्रज्योत विठू शेटगावकर
वडखोल, दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) तपासनीस ओळखपत्र, मूळ, परत.
२) अभिनंदनपत्र, मूळ, परत.
३) स्थळदर्शक नकाशा : जोडलेला नाही.