अंगझडतीची ओळ

मोमिनाबाद,
ज्येष्ठ वद्य चतुर्थी, फसली १३३१

प्रिय बद्री,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसलो की डोकं फिरतं, आणि डोकं फिरलेल्या माणसाचं अक्षर बिघडतं हे मीच तुला शिकवलं आहे. आज इथल्या धर्मशाळेत दुपारभर रिकामा बसलो आहे. मुन्सिफ साहेबांच्या कचेरीत आमचा मुकदमा आज निघालाच नाही, उद्या या म्हणाले. तुला बीडच्या मोठ्या कचेरीत मोहरीर कारकून म्हणून उमेदवारी मिळाल्याचं वाचून तुझी आई गल्लीभर साखर वाटून आली. तीन घरी तर दोनदा दिली. तुझं उर्दू अक्षर आता माझ्यापेक्षा सरस झालं आहे. फक्त काफची वरची रेघ तू अजून वावभर लांब ओढतोस. पाटीवर गिरवत होतास तेव्हापासून सांगतो आहे, बाबा रे, काफ आहे तो, बैलगाडीचा दांडा नव्हे. पण ऐकेल तो बद्रीनाथ कसला!

तू विचारलं आहेस, आबा, नमुनेदार पंचनामा कसा लिहावा. नमुनेदार पंचनाम्याला आधी जागा जशीच्या तशी मिळावी लागते, आणि ती मला सव्वीस वर्षांत कुणी मिळू दिली नाही. या चैत्रातलंच बघ. युसूफ वडगावच्या शिवशरण वाण्याचं घर फुटलं. चोर मागची भिंत पोखरून आत शिरला आणि भांडीकुंडी, बायकोचे दागिने, शिवाय देव्हाऱ्यातली लिंगाची चांदीची डबी घेऊन गेला. ही डबी शिवशरणच्या वडिलांची, गळ्यात घालायची, पांढऱ्या दोऱ्यात ओवलेली. सकाळी तो आमच्या पोलीस चौकीवर आला तेव्हा मी त्याला तीनदा बजावलं, की आम्ही येईपर्यंत कशाला हात लावू नका. त्यानं तीनदा मान हलवली. दुपारी चौकीच्या अमीन साहेबांबरोबर पोचतो तर काय, मागचं-पुढचं अंगण सारवून लख्ख, त्यावर रांगोळी, आणि भिंतीतलं भगदाड शेणमातीनं लिंपून वरून हात फिरवलेला. त्याची बायको शांतादेवी पाण्याचा तांब्या घेऊन हसतमुखानं दारात उभी. मी कपाळावर हात मारला, तर शिवशरण मलाच समजावतो, "अमीनसाब घरी येनार म्हनल्यावर भोक तसंच ठिवायचं का मुन्शीजी? बरं दिसतं का ते?"

पाहुण्यासाठी सारवण करावं ही रीत चांगलीच, पण त्या सारवणाखाली चोराची पावलं गेली, पहारीच्या खुणा गेल्या, सगळंच गेलं. साहेब बाजेवर बसून सरबत प्याले आणि म्हणाले, लिख दो मुन्शीजी, दीवार में भगदाड था. मी न पाहिलेलं भगदाड लिहिलं. लांबी-रुंदी शांतादेवीनं हातानं दाखवली तेवढी धरली. त्या दिवशी मी नुसता चिडलो होतो. त्या शेणाखाली खरं काय गेलं ते दोन दिवसांनी कळलं.

दोन दिवसांनी सुंदरराव पाटील चौकीवर आले आणि चोर आपला बंकट आहे म्हणून साहेबांना सांगून गेले. बंकटला तू ओळखतोस. त्याच्या मळ्यात आपण हुरडा खायला जात असू, आणि परत येताना तू त्याच्यासारखं लंगडून दाखवायचास म्हणून माझ्या हातचा मार खाल्लास. त्याच्या उजव्या पावलावरून गाडीचं चाक गेलं तेव्हा पुढचं अर्धं पाऊल काढावं लागलं होतं. तो टाचेवर चालतो. त्याचं पाऊल मातीत उमटलं तर शेंबडं पोरही सांगेल, की इथून बंकट गेला. आणि तसं उमटलं नसेल, तर तो गेला नाही हेही तेच पोर सांगेल. शांतादेवीनं एक दिवस सारवण केलं नसतं, तर हा मुकदमा उभाच राहिला नसता. बंकटच्या मळ्यातल्या विहिरीवर पाटलांचा किती वर्षं डोळा आहे, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

आता झडतीचं ऐक. झडतीला गावातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात. घराचा उंबरा ओलांडण्याआधी झडती घेणाऱ्या प्रत्येकानं, साहेबापासून पंचापर्यंत, दारात हात वर करून आपली अंगझडती द्यायची असते. म्हणजे आत जे सापडेल ते त्या घरातलंच, बाहेरून कुणी नेलेलं नाही, याची खात्री पटते. कायदा करणारा माणूस शहाणा होता. त्यानं आमचं गाव पाहिलं नव्हतं, एवढाच त्याचा दोष. पंचांना साहेबांची झडती घ्या म्हटलं, तर ते साहेबांच्या पाया पडतात. पाटलाच्या बंडीत हात घालणारा अजून जन्माला यायचा आहे. सव्वीस वर्षांत ही अंगझडती मी एकदाही झालेली पाहिली नाही, पण प्रत्येक पंचनाम्यात ती लिहिली. तीही जागेवर नव्हे. जागेवर वाऱ्यानं कागद उडतो, साहेबांची घाई असते, म्हणून मी ती चौकीवर आधीच लिहून ठेवतो आणि नाव, गाव, तारीख तेवढी कोरी सोडतो. "झडतीपूर्वी सर्वांनी पंचांना आपापली अंगझडती दिली, कुणाजवळ काही मिळालं नाही." हीच ओळ मी तुला उर्दू शिकवताना गिरवायला दिली होती. दिवाळीला घरी आलास तेव्हा माझे डोळे दुखतात म्हणून एका बैठकीत वीस कागद लिहून दिलेस. माझा ऊर भरून आला होता तेव्हा.

बंकटच्या झडतीला पंच म्हणून सुंदरराव स्वतः आले आणि बरोबर त्यांचा वाटेकरी आप्पाराव. चैत्राचं ऊन, आणि पाटलांच्या अंगावर शाल. मी दारात हळूच म्हणालो, साहेब, अंगझडती राहिली. साहेब हसले, पाटील हसले, आणि मग मीही हसलो. आत एक कणगी होती. आपल्याकडे जोंधळ्याला कीड लागू नये म्हणून राख कालवतात, तशी छबूबाईनं, म्हणजे बंकटच्या बायकोनं, ती कालवली होती. पाटील कणगीवर वाकले, एक हात जोंधळ्यात, एक शालीत. सरळ झाले तेव्हा लिंगाची डबी त्यांच्या हातात होती. बद्री, कोपरापर्यंत राखेनं माखला होता तो त्यांचा उजवा हात. डबी होती डाव्या हातात, आणि तिचा दोरा दुधासारखा पांढरा होता.

हे मी पाहिलं. छबूबाईनंही पाहिलं. ती रडली नाही की ओरडली नाही, सरळ माझ्यापुढं येऊन म्हणाली, "दादा, माज्या जोंधळ्यात हात घातला की राख लागती. मंग ह्यो दोरा पांढरा कावून? हे तेवढं लिवा." मी बोरू दौतीत बुडवलासुद्धा. साहेब म्हणाले, औरतजात का बयान पंचनामे में नहीं आता, मत लिखो. मी बोरू पुसून ठेवला. पाटलांनी सही केली. आप्पारावानं, वाचता येत नसताना, अंगठा दिला. बंकट माझ्या बोरूकडे बघत होता.

त्याला आत जाऊन दोन महिने झाले. छबूबाई चौकीसमोरच्या लिंबाखाली येऊन बसायची. एक दिवस म्हणाली, त्या कागदावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. अस्सल कागद मुकदम्याबरोबर गेला होता, चौकीवर नक्कल होती, तिच्यावरून मी उर्दूचं मराठी करून वाचायला लागलो. अंगझडतीच्या ओळीशी तिनं मला थांबवलं आणि विचारलं, "ही झडती कवा झाली?" मला राग आला. खरं सांगतो, तिचाच राग आला. जा म्हणालो, कामाचा वेळ आहे. ती गेली आणि पुन्हा आली नाही.

मागच्या तारखेला मुन्सिफ साहेबांनी तो पंचनामा हातात धरला आणि भर कचेरीत म्हणाले, असा साफ पंचनामा क्वचित पाहायला मिळतो, सगळे नियम पाळलेले, आणि अक्षर तर मोत्यासारखं. मुन्शी कोण? मी उभा राहिलो आणि हात जोडून ती शाबासकी घेतली. बंकटच्या बाजूनं वकील नाही, बोलायला कुणी नाही. इतक्या साफ कागदापुढं तो तरी काय बोलणार होता? घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच भडकली. म्हणाली, "पोराच्या ताटात माती कालवू नगा." तिचं म्हणणं खोटं नाही. तुझ्या उमेदवारीसाठी शिफारशीची चिठ्ठी पाटलांनी वैशाखात आपणहून आणून दिली, मी मागितली नव्हती. का दिली ते त्यांना ठाऊक होतं, आणि घेताना मलाही ठाऊक होतं. इकडे निघालो त्या सकाळी मात्र शिदोरीत चार भाकरी जास्त होत्या. एवढ्या कुणाला म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, छबूबाईबी यील की तारखेला.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर उद्याची माझी जबानी होऊन गेलेली असेल, म्हणून आता सरळ लिहितो. मी उद्या मुन्सिफ साहेबांना सांगणार आहे, की अंगझडती झाली नाही, डबी कुठल्या हातात होती आणि दोरा कसा होता. पण अमीन साहेब आणि पाटील एकीकडे असताना एका मुन्शीच्या तोंडावर कोण विश्वास ठेवील? सव्वीस वर्षं मी लोकांना कागदावर विश्वास ठेवायला शिकवलं आहे, तेव्हा आता कागदच बोलला पाहिजे. त्या पंचनाम्यात नाव, गाव, तारीख आणि बाकीचा मजकूर माझ्या हातचा आहे, आणि अंगझडतीची ओळ तुझ्या हातची. दिवाळीतल्या त्या वीस कागदांतलाच तो एक. झडतीच्या दिवशी तू बीडला मामाकडे होतास आणि उर्दूच्या परीक्षेला बसला होतास. तिथल्या हजेरीवर तुझं नाव आहे. जो माणूस त्या दिवशी गावात नव्हता, त्याच्या हातानं झडतीचा दाखला लिहिला गेला आहे. एवढं दाखवलं की तो साफ पंचनामा फाटला. म्हणून मी तुझं नाव घेणार आहे. तुला समन्स येईल. तुझी उमेदवारी जाईल आणि माझी नोकरीही. तुला विचारून हे करायला हवं होतं, पण विचारलं असतं आणि तू नको म्हणाला असतास तर मी थांबलो असतो, इतका मी स्वतःला ओळखतो. माझ्यावर हवा तेवढा राग धर. फक्त मुन्सिफ साहेब तो कागद तुझ्यापुढं धरतील, तेव्हा अक्षर नाकारू नकोस. नाकारलंस तरी माझी काफची रेघ आखूड असते आणि त्या ओळीतली वावभर लांब आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. इतक्या वर्षांत तू माझं एक ऐकलं नाहीस, बद्री, ते फार बरं केलंस.

तुझाच,
आबा
(राधाकिशन)