सातारा नावाचा शिपाई

प्रति,
मा. सचिव,
जिल्हा युद्धस्मारक समिती, सातारा

विषय : रास-अल-ऐन येथे १९१६ साली मारल्या गेलेल्या अनामिक शिपायाची नोंद स्मारकावर घेण्याबाबत.
संदर्भ : नाव, पलटण व वारसांची संमती नसल्याने पहिला अर्ज फेटाळल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार ऊर्मिला निकम मूळच्या कोरेगावच्या असून सध्या जर्मनीत कार्ल्सरूहे येथे संशोधन करतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या इमारतीतील आराक्सी या वयोवृद्ध आर्मेनियन बाईंनी जिन्यात त्यांना गाव विचारले. अर्जदाराने ‘सातारा’ म्हणताच बाई पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, “हे तर आमच्या घरच्या माणसाचं नाव. त्याच्या नावानं आम्ही दर वर्षी मेणबत्ती लावतो.”

पुढील हकीकत बाईंच्या आजीची, शुशानची आहे. ऑटोमन राजवटीने आर्मेनियन लोकांना घरांतून हाकलले, तेव्हा ती लहान होती. वडिलांना गावाबाहेर नदीवर नेऊन गोळ्या घातल्या. उरलेल्या बायकापोरांना वाळवंटातून सीरियातल्या रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेले. तिथे घोडेस्वारांनी गोळ्या वाचवण्यासाठी कुऱ्हाडी चालवल्या. आईने शुशानला पोटाशी धरले होते. तशा स्थितीतच आईची मान तोडली. त्या रक्तात, आईच्या अंगाखाली, पोर श्वास रोखून पडून राहिली.

इराकमधील कुत येथे तुर्कांना शरण गेलेले ब्रिटिश फौजेतले हिंदी शिपाई तिथे युद्धकैदी म्हणून रेल्वेच्या कामावर होते. प्रेते खड्ड्यात ओढायला त्यांनाच जुंपले. त्यातल्या एकाला ती जिवंत सापडली. त्याने तिला खडीच्या पाटीत घालून रुळांखालच्या मोरीत लपवले, आपल्या वाट्याची भाकरी दिली. तिने बोट दाखवून विचारले, तेव्हा छातीवर हात ठेवून तो ‘सातारा’ म्हणाला.

पहारेकऱ्यांना सुगावा लागला. पोर कुठे आहे, एवढेच ते विचारत होते. तो बोलेना. बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांनी आधी त्याची बोटे ठेचली, मग गुडघे, शेवटी डोके. मोरीच्या अंधारातून शुशान ते पाहत होती. पुढे बाकीच्या कैद्यांनी तिला एका भटक्या बदू अरब बाईच्या हवाली केले, म्हणून ती जगली.

ते नाव नसून जिल्हा आहे, हे सांगणे अर्जदाराच्या जिवावर आले. ते ऐकून बाईंनी एवढेच विचारले, “मग त्याचं नाव काय होतं?”

आपणही तेच विचारता. हा मृत्यू लढताना नव्हे, तर ‘पहारेकऱ्यांशी झालेल्या वादात’ आला, असेही आपण लिहिता. वाद व्हायला दोघांनी बोलावे लागते. तो एक शब्दही बोलला नाही.

सबब, नावाची जागा कोरी ठेवून ही नोंद घ्यावी, ही विनंती. वारस म्हणून आराक्सीबाई, त्यांची मुले व नातवंडे यांचे संमतीपत्र सह्यांसह जोडले आहे. तो बोलला असता, तर यांपैकी कोणीही सही करायला जन्मले नसते.

याच जिल्ह्याची लेक,
ऊर्मिला निकम
कार्ल्सरूहे, दि. २४ एप्रिल २०२५