तुझ्या वाटचा अंगारा

प्रिय रंजना,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या तांड्यावर मी जे सांगितलं, त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं. "आम्ही चौघींनी आत जाऊन दर्शन घेतलं." चौघींनी नाही, तिघींनी. मी, वैशाली आणि शोभा. तू आत आलीच नव्हतीस. इतक्या वर्षांनी मी ही दुरुस्ती करते आहे, आणि करते आहे कुणाकडे? जिला ती पहिल्यापासून माहीत आहे तिच्याकडे!

आत्ताच का लिहायला बसले, सांगते. गेल्या सोमवारी औंढ्याला तुझी आई भेटली. याडी. तूच शिकवलं होतंस ना, "आमच्यात आईला याडी म्हणतात. तूपण तेच म्हण. काकू म्हणलीस तर ती तुला भाव देणार न्हाई."

श्रावणातला पहिला सोमवार होता, म्हणून मी आईला घेऊन गेले होते. रांग देवळाच्या दारातून पार पेढ्यांच्या दुकानांपर्यंत आलेली. एका दुकानाच्या पायरीशी, रांगेकडे पाठ करून, एक बाई बसलेली. तिच्या ओढणीतले आरसे उन्हात चमकले म्हणून मी वळून पाहिलं.

"याडी, तुमी रांगेत न्हाई का?"

"मी आत जात न्हाई, लेकी."

"काहून?"

ती म्हणाली, "तुला ठावं न्हाई व्हय? तूच तर सांगितलं. माझी पोरगी तसल्या दिवसांत आत गेली. देवाला इटाळ केला, अन् दुसऱ्या दिवशी पाण्यानं तिला वढून नेलं. मी कोणत्या तोंडानं जाऊ? दर श्रावणी सोमवारी येते, इथूनच माफी मागून राहिले."

तुझ्या पिशवीतले कपडे पाहून तुझ्या काकूच्या ध्यानात आलं होतं, की तुझे ते दिवस होते. आणि मी सांगितलं होतं, चौघींनी दर्शन घेतलं. दोन्ही एकत्र करायला तांड्याला किती वेळ लागणार?

"रंजीचा फोटो तरी लावलाय का घरात?" मी विचारलं.

"तिच्या काकानं लावू दिला न्हाई. म्हणला, देवाचा कोप भिंतीवर कशाला टांगता?"

तेवढ्यात आईनं रांगेतून हाक मारली, "मंगे, रांग सरकून राहिली, ये की!" आणि रंजना, मी गेले! रांगेत उभी राहिले, भुयारासारख्या त्या गाभाऱ्यात वाकून उतरले, पिंडीवर हात ठेवला. काय मागितलं ते आठवत नाही. बाहेर आले तेव्हा याडी उठून गेली होती.

तो शनिवार तुला आठवतो का? हिंगोलीच्या होस्टेलवरून निघालो तेव्हा वैशालीनं सगळं ठरवून ठेवलं होतं. शनिवारी औंढ्याचं जुनं देऊळ, रात्री तिच्या मावशीकडे मुक्काम, रविवारी सिद्धेश्वरचं धरण. आपल्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून धरणालाच समुद्र म्हणायचो. तू एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "मुंबईवाल्यांचा खारट हाय म्हणतात. आपला गोड हाय. सांगा, कुणाचा चांगला?" कंडक्टरसुद्धा हसला.

देवळाच्या दाराशी तू थांबलीस. माझ्या कानात म्हणालीस, "मला आजच अडचण आली." मी म्हटलं, चल गं, कुणाला कळतंय? तर तू माझ्यावरच डोळे वटारलेस. "तुला कळलं ना? मला कळलं ना? बास!" आणि पेढ्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलीस, आमच्या चपला पुढ्यात ओढून. दुकानदार म्हणाला, "बाई, नुसतं बसता व्हय? पावशेर तरी घ्या." तू म्हणालीस, "पेढे ह्या आल्यावर घेतील. मी आज चपलांची मालकीण हाय."

याडी बसली होती ती तीच पायरी. तिला हे ठाऊक नाही.

आम्ही बाहेर आलो. शोभानं तुला लावायला अंगारा पुढे केला, तर तू मान मागे घेतलीस. मला म्हणालीस, "माझ्या वाटचा पुडीत बांधून ठेव. न्हाणं झालं की दे. निम्मा मला, निम्मा याडीला." मी वहीचा कागद फाडून पुडी बांधली. ती अजून माझ्याकडेच आहे, रंजना. होस्टेल सुटलं, नोकरी लागली, दोन गावं बदलली. प्रत्येक वेळी सामान बांधताना ती हाताला लागते आणि मी ती पुन्हा पेटीच्या तळाशी ठेवते. देणार कुणाला?

आणि रविवार. पाणी इतकं लांबवर पसरलेलं, की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. तू पिशवीतून कपड्याची घडी काढलीस, मोठ्या दगडाच्या आडोशाला धुवायला निघालीस, आणि जाता जाता म्हणालीस, "इकडं बघू नका गं."

आम्ही पाठ करून बसलो. शोभा शेंगा सोलत होती. काठचा गाळ वरून सुकलेला होता, आतून नाही, हे आम्हाला काय माहीत! बराच वेळ झाला म्हणून मी हाक मारली. तू ओ दिली नाहीस. तरीही मी लगेच वळले नाही. तुला लाज वाटेल म्हणून आणखी एक हाक मारली.

तुझं ते "इकडं बघू नका" माझ्या मागे लागलं आहे. मी शिकवते त्या शाळेत पोरी हौदावर हातपाय धुतात, तेव्हा माझी मान आपोआप दुसरीकडे वळते. धरणाकडून जाणाऱ्या एसटीत मी पलीकडच्या बाजूला बसते. कधी वाटतं, आता वळून पाहिलं तर तू ओल्या पायांनी उभी असशील आणि म्हणशील, "बघू नका म्हणलं होतं ना!"

तांड्यावर त्या दिवशी केवढी माणसं जमली होती. तुझे काका, पोलीस पाटील, सगळे पुरुष. एका म्हातारीनं विचारलं, "देवदर्शन तरी झालं होतं का लेकराचं?" याडीनं मान वर केली. मला वाटलं, हो म्हटलं तर तिला तेवढाच आधार. आणि खरं सांगायचं तर, तू का बाहेर बसली होतीस हे एवढ्या पुरुषांपुढे उच्चारायचं कसं? म्हणून म्हणाले, चौघींनी घेतलं.

शाळेत घालण्याआधी माझ्या वडिलांनी, नानांनी, मला घरीच शिकवलं. साखरा गावातल्या आमच्या ओसरीवर, पाटीवर. अक्षरांच्याही आधी त्यांनी एक शिकवलं होतं: डोळ्यानं पाहिलं असेल तेवढंच 'झालं' म्हणायचं, बाकीच्याला 'म्हणतात' म्हणायचं. आयुष्यभर पाळलं. दळणाचा डबा पाऊण भरला असेल तर भरला म्हणत नाही मी! आणि नेमकं तिथं?

तुझ्यावरही थोडी रागावले आहे. इतकी नियमाची काहून होतीस गं? ज्या पोरीनं कुणी बघत नसताना नियम पाळला, तिच्याच नावावर तो मोडल्याचा डाग! आणि आत गेली असतीस तरी देवानं काय केलं असतं? पोरीचा जीव घेतला असता? मला नाही वाटत. याडीला हेही सांगावं का, यावर मी चार दिवस विचार करते आहे. ठरलं ते असं: आधी जे पाहिलं तेवढंच सांगेन. तू पायरीवर बसली होतीस, चपला राखत होतीस, अंगाऱ्याला बोट लावलं नाहीस. बाकीचं तिनं विचारलं तर.

मग तांड्यावर जाऊन तुझ्या काकांसमोरही हेच सांगेन, त्याच शब्दांत, तुझ्या अडचणीसकट.

माझीही पाळी नेमकी येत्या सोमवारच्याच सुमारास येते. एरवी मी औंढ्याला जाणं पुढे ढकललं असतं. या वेळी दिवस बदलणार नाही. पाळी आली तरी, न आली तरी तुझ्या पायरीवर याडीशेजारी बसेन आणि पुडी तिच्या हातात माझ्याच हातानं ठेवेन. निम्मा तिचा. तुझा निम्मा कुठं लावायचा ते तिनं ठरवावं. मला वाटतं, फोटोला.

शब्द देते, रंजना. या वेळी आई रांगेतून हाका मारत राहिली तरी उठणार नाही. येत्या सोमवारी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी.

तुझी,
मंगल