डाव्या दांड्याला तडा

६ मे, मंगळवार
पार्कातल्या कोलंबस होडीच्या डाव्या दांड्याला तडा. होडी ज्या दांड्यांवर लोंबते त्यातला, वरच्या जोडाजवळ. आधी वाटलं रंगाचा पोपडा असेल. तडा तपासायचा लाल रंग मारला, पुसला, वरून पांढरी फवारणी केली. थोड्या वेळानं पांढऱ्यातून लाल रेघ वर आली. केसाएवढी. पण पोपडा अशी रेघ देत नाही.
होडी बंद. चालवायच्या पॅनेलला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये.
ऑपरेटर सचिन म्हणाला, "मॅडम, सुट्टीचा सीझन हाय. आप्पा खाऊन टाकतील."
खाऊ देत.

७ मे
आप्पा सकाळीच. मालक माणूस, आवाज आधी येतो, ते मागनं.
"रविवारपर्यंत निम्मी माणसं बसवून चालव. मग कर काय करायचं ते."
"निम्म्या माणसांनी तडा निम्मा होत नाही, आप्पा."
शेवटी म्हणाले, बरं, बंद तर बंद, पाटी लाव. पाटी तयारच असते आमच्याकडं. 'काही तांत्रिक कारणामुळे बंद'. लाईट गेली तरी तीच, ऑपरेटर लग्नाला गेला तरी तीच. कंटाळा आला त्या पाटीचा. पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलं: 'डाव्या दांड्याला तडा आहे. दांडा बदलेपर्यंत होडी बंद.' तीच लावली.

८ मे
अब्बांना सांगितलं. गुडघे गेले, पण जत्रेतला पाळणा डोक्यातून जात नाही त्यांच्या. म्हणाले, "आमचा पाळणा दर जत्रंला उतरायचा, दर जत्रंला चढायचा. एकेक पिन हातातनं जायची. तुमचं पार्क एकदा उभं केलं की उभंच." खरं आहे. कागलच्या पुढं हायवेला एवढं चकचकीत पार्क, आणि विचार मात्र काहीतरी मोडल्यावर.
मुंबईकडच्या त्या मोठ्या पार्कात भाचरांना घेऊन गेलो होतो, ते आठवलं. त्यांची सगळ्यात मोठी राईड बंद. वार्षिक देखभाल, अमुक तारखेला सुरू, असं स्वच्छ लिहिलेलं. भाचरं रुसली. लोक काउंटरवर भांडत होते. मी जाळीला नाक लावून बघत बसले. डबे खाली उतरवलेले, चाकं काढून ताडपत्रीवर मांडलेली. तिथं बंद करतात. आमच्याकडं बंद पडतं.
पावसाळ्यात गर्दी नसते तेव्हा एकेक राईड खोलून तपासू, असं आप्पांना दरवर्षी सांगते. दरवर्षी "बघू की".

१० मे, शनिवार
कुणीतरी पाटीचा फोटो काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय.
कबनूरच्या उन्हाळी शिबिराच्या सरांचा ऑफिसात फोन. मीच उचलला. "बाकीचं सगळं बघितलंय का तुम्ही?" खोटं बोलवेना. ड्रॅगन राईड बघितली, ब्रेकडान्स राईड अजून खोलून तपासायचीय, म्हटलं. त्यांनी सहल रद्द केली. आभारही मानले.
आप्पांना कळलं. सगळ्यांसमोर...
"यास्मिन, गिऱ्हाईक घालवलंस. कशाला लिवलंस तडा? तो शब्द काढ आधी."
"काढते. आधी दांडा काढा."
"दुसऱ्या पार्कात काय तडं जात न्हाईत? लिवतंय का कोण?"
"त्यांचं त्यांना माहीत. आपल्याकडं गेलाय."
"मग पाटी तरी राहील, न्हायतर तू."
आप्पा वाईट नाहीत. पॉलिटेक्निक करून आले तेव्हा बाई ग्रीस लावणार म्हणून सगळे हसले, ते हसले नव्हते. म्हणूनच जास्त राग येतो.

११ मे, रविवार
पाटी गायब. तांत्रिक कारण परत आलंय. मी खोक्याचा पुठ्ठा फाडला, तेच परत लिहिलं, जास्त मोठ्या अक्षरात. लोक वाचत होते. एक बाई मुलीला म्हणाली, "बरं झालं बाई, सांगितलं तरी." आणि ड्रॅगनच्या रांगेत गेली. पळून नाही गेली.
संध्याकाळी आप्पांचा मेसेज: उद्यापासून येऊ नको.
मेसेजमध्ये किल्लीचं काही नाही. मीही विषय काढला नाही.
अब्बांनी विचारलं, आता? म्हटलं, जेवून घ्या आधी.

१२ मे, सोमवार
गेले. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या स्कूटीवर. वॉचमननं अडवलं, बिचारा खाली बघत होता. "मॅडम, आत सोडू नको म्हणालेत."
"कामाला सोडू नको म्हणालेत. पब्लिकला?"
खिडकीवर रांगेत उभी राहिले, तिकीट काढलं, आत.
होडीला दोन्ही पाट्या नाहीत. पॅनेलचं कुलूप तसंच, पण आजूबाजूला ओरखडे. कुणीतरी प्रयत्न केलाय. समोरच्या बाकावर आप्पा. एकटेच, वर दांड्याकडं बघत. पांढऱ्यावर पसरून जाड झालेली लाल रेघ उन्हात खालूनसुद्धा दिसत होती, नीट बघितलं तर.
"तिकीट काढून आलीस?"
"व्हय."
सरकून जागा दिली. बसले.
"वेल्डर बोलावलाय. वरनं पट्टी मारतो म्हणतोय."
"पट्टी नको. दांडा बदला."
आप्पांनी हात पुढं केला. "किल्ली दे."
"नवा दांडा चढला की देते."
हात तसाच राहिला, मग गुडघ्यावर ठेवला. पोरं ओरडत ड्रॅगनकडं पळत होती.
"उद्या काय करणार हायस?"
"तिकीट काढणार."