परक्या विमानाने निघालेली बरणी

बिस्मार्क, नॉर्थ डकोटा
१९ मे

तीर्थरूप लिओनामावशीस,

मार्लिसचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, बाकी 'आम्ही' म्हणजे आता मी एकटीच. तुझा गुडघा कसा आहे? टूसॉनचं ऊन सुरू झालं असेल, दुपारी बाहेर पडू नकोस. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. तू कानात यंत्र न घालता फोन उचलतेस आणि "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून ठेवून देतेस. गेल्या महिन्यात दोनदा तो विकणारा माणूस म्हणजे मी होते.

चौदा तारखेला तुला ऐंशी पूर्ण झाली. अनेक आशीर्वाद दे. त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्या दारात उभी राहणार होते, हे तुला माहीत नाही, कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. (सांगितलं असतं तर तू आठवडाभर पडदे धूत बसली असतीस.) यायचं कारण वाढदिवस होतंच, पण खरं कारण एक बरणी होती. आई जायच्या चार दिवस आधी तिने मला फळीवरून रानचेरीच्या मुरंब्याची बरणी काढायला लावली. तिच्या हातची ती शेवटची. झाकणावर फडकं, फडक्यावर दोरी, दोरीला आईची ती गाठ, जी सोडवताना माणसाची नखं जातात. म्हणाली, "ही लिओनाला. पोस्टाने नको. हातात दे, आणि ती काय म्हणते ते नीट ऐक." मी विचारलं, आत काय आहे? तर म्हणाली, "मुरंबा आहे, आणखी काय असणार? उघडू नकोस."

आता एकोणीस वर्षांपूर्वीचं ते प्रकरण मी उगाळत नाही. जिल्ह्याच्या जत्रेत तू मुरंबा मांडलास, तुला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली, आणि आई चारचौघांत म्हणाली की आमच्या आईच्या मुरंब्यात लिंबू पिळून कुणी बक्षीस मिळवत असेल तर ते लिंबाचं बक्षीस आहे. त्यावर तू जे बोललीस ते मी ऐकलं आहे आणि कागदावर लिहिण्यासारखं ते नाही. त्यानंतर दोघी बहिणींनी एकमेकींना ख्रिसमसचं साधं कार्डसुद्धा पाठवलं नाही. घरात लिंबू आणायची चोरी झाली. मी सर्दीला लिंबूपाणी हॉटेलात पीत असे. मार्चमध्ये तू मातीला आली नाहीस, गुडघ्याचं सांगितलंस. मी ते खरं धरलं. रात्री मात्र मला तुझा फार राग आला होता, हे आता सांगून टाकते.

तर बरणी. आमच्या हवाई सुंदरींच्या धंद्यातली एक गंमत तुला ठाऊक नसेल. मी राहते बिस्मार्कला आणि माझी विमानं सुटतात डेन्व्हरहून. म्हणजे सव्वीस वर्षं मी कामावर जाते तेच मुळी विमानाने, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीच्या. यजमानांकडे पाहुण्याने जावं तसं जायचं. त्यांच्या क्रूसाठी चॉकलेटची पिशवी न्यायची, सगळे प्रवासी बसून झाले की उरलेल्या खुर्चीसाठी दाराशी उभं राहायचं, खुर्ची नसेल तर हसून "हरकत नाही" म्हणायचं. सामान चेक-इन करायचं नाही, कारण ते पोचतं आणि आपण राहतो. (या नियमाबाहेर मी एकदाच गेले. माझी बॅग ओमाहाला तीन दिवस सुट्टी करून आली.) या सगळ्या अपमानांच्या बदल्यात आम्हाला एकच मान असतो, तो तपासणीच्या वेळी. क्रूची वेगळी रांग असते. कार्ड दाखवायचं आणि चालू लागायचं. आणि अंगात गणवेश असेल तर बाटल्या-बरण्यांचं मोजमापही कुणी करत नाही. प्रवाशांना शंभर मिलिलीटरच्या वर काही नेता येत नाही हे मी विमानात हजारदा ऐकलं आहे, हळहळून मान हलवली आहे, पण ते माझ्या बाबतीतही खरं असू शकतं हे कधी डोक्यात शिरलं नाही. मी आईचं सूप पातेल्यासकट नेलेलं आहे.

तुझी बरणी माझ्याबरोबर चार दिवस ड्यूटीवर होती. तिने बॉइझी, सिॲटल, फ्रेस्नो पाहिलं, हॉटेलांच्या फ्रिजमध्ये झोपली, आणि तिला कुणी हटकलं नाही. चौदाला सकाळी डेन्व्हरच्या हॉटेलात मी गणवेश धुलाईला टाकला, दोन दिवसांनी परतताना घ्यायचा म्हणून. मावशीकडे बावन्न वर्षांची हवाई सुंदरी म्हणून नको जायला, भाची म्हणून जाऊ, असं मनात आलं. म्हणून तू विणलेला निळा स्वेटर घातला. (हो, अजून आहे. डावी बाही अजून लांब आहे.) सगळं तिथेच फिसकटलं.

क्रूच्या रांगेत कार्ड लावलं आणि यंत्राने लाल फुली दाखवली. मधूनच कुणाला तरी ते निवडतं, निवडलेल्याने सगळ्यांच्या रांगेत जायचं. त्यात विशेष काही नाही, वर्षातून चार-पाचदा होतं. माझ्यामागे दुसऱ्या कंपनीचे एक कॅप्टन होते, रूडी ओचोआ, चांगले पोट सुटलेले. त्यांनाही फुली आली. आम्ही दोघे बूट काढून रांगेला लागलो. ते गणवेशात होते. बॅगा आत गेल्या, त्यांची बाहेर आली, माझी थांबली. युनीस नावाच्या बाईंनी, माझ्याच वयाच्या असतील, बरणी दोन हातांनी वर काढली आणि विचारलं, "बाई, हे काय?" मी म्हटलं, मी क्रू आहे. त्या म्हणाल्या, "कार्डावरून दिसतंच आहे. गणवेश कुठे आहे?" मी म्हटलं, धुलाईला. त्यांनी मान हलवली, अगदी मी विमानात हलवते तशी.

मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि शिवाय बोलले असते. कॅप्टन म्हणाले, माझ्या बॅगेत द्या. युनीसबाई म्हणाल्या, "कॅप्टन, मी इथेच उभी आहे, मला ऐकू येतं." मग कॅप्टननी आपली शाम्पूची छोटी बाटली रिकामी करून द्यायची तयारी दाखवली. तू पावाला शाम्पू लावून खातेस असं डोळ्यांसमोर आलं आणि मी नको म्हटलं. परत जाऊन बॅग चेक-इन करावी तर विमानाला चाळीस मिनिटं, बॅग पोचली असती आणि मी राहिले असते, आणि आईची अट तर हातात द्यायची. शेवटी युनीसबाई हळूच म्हणाल्या, "बाई, टाकायची तर मला टाकवत नाही. रांगेबाहेर त्या बाकावर बसून खाल्लीत तर मला काही म्हणायचं नाही. रिकामी बरणी चालते." आणि आपल्या डब्यातला प्लास्टिकचा चमचा काढून दिला.

मावशी, मी खाल्ली. तुझी बरणी मी खाल्ली. बरणी कचऱ्यात जाणार की पोटात, एवढाच प्रश्न होता, आणि मी तरी पोचेन असं मला वाटत होतं. गाठ सोडवताना एक नख गेलं. अर्ध्यावर मला रडू यायला लागलं, तेव्हा कॅप्टन अनवाणीच शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "द्या इकडे, मदत करतो." मोठ्या माणसाचा घास मोठा असतो, पटकन संपली. मी त्यांना आईबद्दल सांगितलं, तुझ्याबद्दल सांगितलं, जत्रेबद्दलही. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, माझ्या दोन चुलत्यांचं एका गाईच्या रंगासारख्या कारणावरून असंच झालं, आता दोघेही नाहीत.

बूट घालून दोघे धावत विमानाच्या दाराशी गेलो, कॅप्टनही टूसॉनलाच निघाले होते. एकच खुर्ची उरली होती. कॅप्टनना त्यांच्या कंपनीने कामासाठी पाठवलं होतं, त्यामुळे यादीत त्यांचं नाव माझ्या वर. त्यांना नाही म्हणता येईना, मला हो म्हणवेना. ते माझ्याकडे पाहत उभे राहिले, मिशीला अजून मुरंबा होता. मी सवयीने हसून "हरकत नाही" म्हटलं. म्हणजे तुझ्या वाढदिवसाला निम्मा मुरंबा टूसॉनला वेळेवर पोचला, पण कॅप्टन ओचोआंच्या पोटातून. मी पुढच्या दोन विमानांना उभी राहिले, तीही भरलेली. सुट्टी संपली, मी परत आले. आई गेल्यावर तिचं एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

प्रकृतीला जप. यंत्र कानात घाल.

तुझी भाची,
मार्लिस

ता. क. मुरंब्यात लिंबू होतं. पहिल्याच चमच्याला कळलं. मला वाटलं माझी जीभ बिघडली, म्हणून कॅप्टनना विचारलं. ते म्हणाले, "आहे, आणि बरोब्बर आहे."

ता. क. २. फडक्याखाली झाकणावर आईने लिहिलं होतं ते पाकिटात पाठवते आहे, म्हणजे झाकणच. अक्षर हललेलं आहे, तरी तुला लागेल: "लिओना, तुझ्या पद्धतीने केला. तुझाच चांगला होतो."

ता. क. ३. तिने कृती कधीच लिहून ठेवली नाही, कुणाला दाखवलीही नाही. आता ती येणारी तू एकटीच आहेस. घरामागची झुडपं यंदा फुलांनी भरली आहेत, ऑगस्टच्या शेवटी चेरी पिकतील. तू ये. तिकीट काढून, खुर्ची ठरवून, सगळ्यांसारखी ये. लिंबं मी आणून ठेवते. झाकण मात्र धुऊ नकोस, आतल्या कडेला थोडा मुरंबा राहिला आहे. बोट लावून बघ. तो शंभर मिलिलीटरच्या आतलाच आहे, तेवढा मी गणवेशाशिवायही आणू शकले.