अहवालातली तुझी जबानी

आई,

चार दिवसांपूर्वी दुपारी मी तुझं बोलणं इंग्रजीत वाचलं. तू जाऊन चौदा वर्षं झाली, आणि इंग्रजीचं एक अक्षरही तुला येत नव्हतं. तरी ते तुझंच होतं, आणि तेव्हापासून मी घरात नुसती फिरते आहे.

कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी भाषांतरं करते. मुंबईच्या एका संस्थेने एक जुना अहवाल मराठीत करायला पाठवला होता. एका परदेशी सरकारने तेव्हा आपल्याकडे मदत दिली होती. मार खाणाऱ्या बायकांच्या तक्रारी कोर्टात का टिकत नाहीत, त्यासाठी कायद्यात आणि कोर्टाच्या रीतीत काय बदलायला हवं, हे शोधण्यासाठी. त्या कामावरचे लोक गावोगाव फिरून बायकांशी बोलले होते. आता वकिलांना आणि कोर्टातल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला तेच सगळं मराठीत हवं होतं. मी आपली नेहमीच्या वेगाने पुढे चालले होते. साक्षीला आणलेल्या मुलांवरचं प्रकरण उघडलं, तर तिथे तिरप्या अक्षरांत एका बाईची जबानी. नाव नाही, गाव नाही. नुसतं, खाडीकाठच्या गावातली अंगणवाडी मदतनीस. ती सांगत होती, "माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून कोर्टाच्या दिवशी मुलीच्या वेण्या शेजारणीने घातल्या. मुलगी नऊ वर्षांची. तिला माझ्या नवऱ्यासमोर, नणंदेसमोर उभी करून विचारलं. ती म्हणाली, आई चिऱ्याच्या पायरीवरून पडली."

खुर्चीतून उठायला गेले ती परत बसले. त्या वेण्या माझ्या होत्या, आई. शेजारच्या काकूंनी इतक्या घट्ट घातल्या होत्या की कपाळ ओढलं जात होतं. मी कठड्याला धरून उभी आहे, समोर काळ्या कोटातले साहेब, डावीकडे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, त्यांच्या शेजारी आत्या. तू मागच्या बाकावर. साहेब विचारतात, "आईला कुणी मारलं का, बाळ?" आणि मी ते पायरीचं वाक्य बोलते, एकदाही न अडखळता. त्या एका वाक्याने तुझी तक्रार पडली. नंतरही वर्षानुवर्षं तू त्याच घरात मार खात राहिलीस. बाबा मुंबईच्या गोदीतून सुट्टीवर आले की मी दप्तर घेऊन काकूंकडे अभ्यासाला जायचे. कोर्टातून आलो त्या संध्याकाळी मला वाटत होतं, तू आता मला बदडणार. तू चुलीपाशी बसून डाव्या हाताने पेज वाढलीस आणि म्हणालीस, "जेव गो." त्या दिवसाबद्दल एवढेच दोन शब्द, मग मरेपर्यंत काही नाही.

आणि त्या परदेशी बाईंना मात्र सांगितलंस! तो दिवसही मला आठवतो. मी दहावीत होते. शाळेतून येताना विहाराजवळच्या अंगणवाडीत एक गोरी बाई पोरांच्या चटईवर मांडी घालून बसलेली दिसली, शेजारी शहरातली एक ताई वहीत लिहून घेत होती. मी दारात थबकले तशी तू लगबगीने पुढे आलीस. "तू घरी जा गो. हे पोषण आहाराचं काम हाय." मी ते खरं मानलं. इतकी वर्षं मैत्रिणींना हसत सांगायचे, आमच्या अंगणवाडीची खिचडी बघायला थेट परदेशातून बाई आली होती.

संस्थेला फोन केला. वहीत लिहून घेणाऱ्या ताईच आता तिथलं काम बघतात. त्यांना तू आठवत होतीस. त्या म्हणाल्या, "मुलांची साक्ष वेगळ्या खोलीत, घरच्या माणसांच्या नजरेआड घ्यावी, ही शिफारस आम्ही त्या एका जबानीवरून लिहिली. पुढे काही कोर्टांत तशा खोल्या झाल्यासुद्धा. पण त्या मदतनीस बाईंनी आधी अट घातली होती. माझ्या पोरीला दोष लागेल असं काही लिहायचं नाय, नायतर मी बोलत नाय." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तिकडच्याच ना? त्या बाईंना ओळखत होता का?"

मी म्हटलं, "नाही."

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली. नऊ वर्षांची असताना जशी बोलले होते, तशीच बोलले.

जबानीच्या शेवटी तू म्हटलं आहेस, "ती घाबरली होती. घाबरलेलं मूल मोठ्यांना हवं तेच बोलतं. तिला एकटीला बाजूला नेऊन कुणी मायेने विचारलं असतं, तर तिने खरं सांगितलं असतं." त्या वाक्यापाशी मी दोन दिवस अडून होते. वाक्य सोपं आहे, शब्द माहीत आहेत. शेवटी काल तसंच्या तसं मराठीत केलं आणि पाठवून दिलं. त्या वाक्यामुळे कुठल्या तरी पोरीला बाबांच्या नजरेसमोर उभं राहावं लागणार नाही, आणि ते खोडायचा मला हक्क नाही. हे पत्र मात्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून खरं ते इथे लिहिते.

आई, मी घाबरले नव्हते. कोर्टाच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "नीट बोललीस तर तुला मुंबईला नेईन, तिथल्या शाळेत घालीन." त्यांनी कधीच नेलं नाही. पण मला जायचं होतं, फार जायचं होतं. मला एकटीला बाजूला नेऊन कुणी मायेने विचारलं असतं, तरी मी पायरीचंच सांगितलं असतं.